ठोक्याच्या नावावरची गाडी

ठोक्याच्या घरात मार वरून खाली यायचा. बाप थोरल्याला मारी, थोरला ठोक्याला मारी, आणि ठोक्याच्या खाली कोणी नव्हतं, म्हणून ठोक्या पत्रा ठोकायला शिकला. ही थट्टा त्याची स्वतःचीच. गॅरेजात कोणी नवीन आलं आणि विचारलं, की बाबा तू या धंद्यात कसा शिरलास, तर तो हेच सांगून हसायचा. समोरचाही हसायचा, कारण न हसून करतो काय. आई कधी मधे पडली नाही. शेजाऱ्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून ती फक्त दार लोटून घेई, आणि सगळं शांत झालं की दोघा भावांना एकाच ताटात वाढी. भांडण मिटलं असं त्या घरात मानत.

त्याचं काम होतं धडकलेल्या गाड्यांचे पोचे काढण्याचं. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात मुठीत मावेल असा लोखंडी ठोकळा. ठोकळा पत्र्याच्या आतून दाबून धरायचा आणि बाहेरून हातोडी मारायची. मागे ठोकळा नसेल तर घाव वाया जातो, वर पत्रा ताणला जातो तो वेगळाच. ठोक्या या कामात वाकबगार होता. पोचा बघून तो सांगायचा, गाडी खांबाला लागली की भिंतीला, आणि चालवणारा खोटं बोलतोय की खरं. खोटंच बोलत असायचे बहुतेक. खांब मधेच आला म्हणून सांगणारे त्याने इतके पाहिले होते, की सगळे खांब फिरायला निघाले असावेत.

थोरला आधीच परदेशी गेला होता. तिथे त्याने लग्नाची बायको नेली, घर भाड्याने घेतलं, आणि दर फोनवर आपली श्रीमंती सांगितली. बाप गेल्यावर एक दिवस त्याने ठोक्याला सांगितलं, "ये इकडे. कागद मी करतो. इथे हातोडीला सोन्याचा भाव आहे." आई म्हणाली, भाऊ असावा तर असा. ठोक्यालाही ते पटलं. लहानपणी ज्याने पाठीवर पट्टा ओढला, तोच आता तिकीट काढून देतोय म्हटल्यावर माणूस जुनं विसरतो. विसरायला बरंच असतं ते.

विमानातून उतरला त्याच दिवशी थोरल्याने त्याला बँकेत नेलं. जेवणखाण नाही, अंघोळ नाही, तसाच चुरगळलेल्या शर्टात काचेच्या खोलीत बसवलं. ठोक्याला वाटलं, केवढी काळजी ही. खरी गोष्ट अशी होती, की थोरल्याने त्या गावातल्या प्रत्येक बँकेला टोपी घातली होती. कार्डं घेतली, वापरली, बुडवली. त्याचं नाव यंत्रात टाकलं की बँकेतल्या बाईंचा चेहरा बदले. त्या देशात माणसाची पत यंत्रात राहते, आणि यंत्राला भीडभाड नसते. पण नव्याने आलेल्या माणसाची पाटी कोरी. अशांसाठी बँका पायघड्या घालून बसलेल्या: खातं उघडा, छोटं कार्ड घ्या, नोकरीचं पत्र दाखवा, गाडीला कर्ज घ्या. थोरल्याला भाऊ नको होता, भावाची कोरी पाटी हवी होती.

"कर सही," थोरला म्हणाला, आणि त्याने ठोक्याची मान मागून धरली. प्रेमानेच धरली, बघणाऱ्याला प्रेमानेच धरल्यासारखी वाटली असती. अंगठा मात्र कानामागच्या त्या जुन्या जागी होता, जिथे दाबलं की ठोक्या लहानपणी मुकाट व्हायचा.

ठोक्याने सही केली. वाचलं नाही. त्यांच्या घरात धाकटा थोरल्याच्या बोटाकडे बघून सही करतो. वाचलं तर विश्वास नाही असा अर्थ होतो. कार्ड आलं ते थोरल्याच्या पाकिटात गेलं, त्याचा गुप्त आकडाही थोरल्याच्याच डोक्यात. त्यातही ठोक्याला काही खटकलं नाही. पहिली कमाई थोरल्याच्या हाती द्यायची ही त्यांच्या घरची रीत होती. बापाच्या मागे थोरला म्हणजेच बाप. फक्त बाप पट्टा वापरायचा आणि थोरला काहीही.

मग गाडी. जुन्या गाड्यांच्या बाजारात थोरल्याने राखाडी रंगाची लांबलचक गाडी पसंत केली. ठोक्या वाकून बघत होता. "दादा, हिची डिकी बदललीय. मागून ठोकलेली आहे," तो हळूच म्हणाला. थोरल्याने त्याच्या कानाखाली अशी वाजवली की ठोक्याचा खांदा शेजारच्या गाडीवर आपटला. विकणारा बघतच राहिला. थोरला त्याच्याकडे वळून हसत म्हणाला, "धाकटा भाऊ आहे. आमच्यात असंच असतं." विकणारा बिचारा हसला. कर्ज ठोक्याच्या नावावर, विमा ठोक्याच्या नावावर, गाडी ठोक्याच्या नावावर, आणि किल्ली थोरल्याच्या बोटात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. घरी जाताना ठोक्या मागच्या सीटवर बसला आणि कान चोळत खिडकीतून रस्ते बघत राहिला.

घर कपडे धुण्याच्या मोठ्या दुकानावर होतं. खालच्या यंत्रांनी दिवसभर जमीन थरथरायची आणि भांड्यांच्या फळीवर पेले सरकत कडेपर्यंत यायचे. वहिनी त्याच दुकानात हॉटेलांच्या चादरी घड्या करायची. वर आली की आधी पेले मागे सरकवायची, मग चप्पल काढायची. बारीक अंगाची, कमी बोलणारी बाई. गाडी तिला उत्तम चालवता यायची. थोरल्यानेच तिला शिकवून परवाना काढून दिला होता, कारण सुट्टीच्या दिवशी पिऊन आल्यावर त्याला घरी आणायला कोणीतरी लागायचं. तिचा पगारही थोरल्याकडेच. ठोक्याला ती भाऊजी म्हणायची आणि त्याच्या डब्यात भाजी जरा जास्त घालायची. याव्यतिरिक्त दोघांत बोलणं नव्हतं. एकाच माणसाच्या हाताखाली राहणारी माणसं एकमेकांशी फार बोलत नाहीत. एकमेकांना बघितलेलं असतं, तेवढं पुरतं.

भिंतीपलीकडचे आवाज ठोक्याला ओळखता यायचे. उघड्या हाताचा वेगळा, मुठीचा वेगळा, आणि पाठ दारावर आदळते त्याचा वेगळा. वहिनीचा आवाज मात्र कधी यायचा नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. ठोक्या भिंतीकडे पाठ करून पडून राहायचा. स्वतःला सांगायचा, नवराबायकोचं आहे, आपण कोण. हे वाक्य त्याने आईकडून घेतलं होतं. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं.

ठोक्याला इथेही एका गॅरेजात पोचे काढण्याचंच काम मिळालं होतं. एका सुट्टीनंतर थोरल्याने गाडी तिथे आणली. चालवणाऱ्याच्या बाजूच्या दारात पोचा. "तुझी वहिनी. खांबाला घातली," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत सरळ कर. मला फुकटची बोलणी नकोत."

ठोक्या दारापाशी बसला. खांब पत्र्यावर उभी रेघ काढतो आणि रंग खरवडून नेतो. इथे रंग शाबूत होता. पोचा गोल होता, उथळ, गुडघ्यावर बसल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. म्हणजे कोणीतरी जमिनीवर तसं बसलेलं होतं आणि कोणीतरी त्याचं डोकं धरून दारावर आपटलं होतं. दाराच्या रबरात एक लांब केस अडकलेला होता, मुळासकट. ठोक्याने तो केस काढला. काय करावं ते न सुचून खिशात ठेवला. मग दाराचं आतलं अस्तर सोडलं, ठोकळा आत घातला आणि हलक्या हाताने ठोकत ठोकत पोचा बाहेर काढला. काम इतकं सुबक झालं की गॅरेजचा मालक, जो कोणाचं कधी कौतुक करत नसे, तोही पत्र्यावरून हात फिरवून गेला.

संध्याकाळी वहिनी खाली उतरली तेव्हा तिने डोक्याला रुमाल बांधला होता. गाडीपाशी ती थांबली. दारावरून तिनेही हात फिरवला.

"छान झालं, भाऊजी," ती म्हणाली. "काहीच दिसत नाही."

ती टोमणा मारत नव्हती, हेच वाईट. तिने साधं कौतुक केलं होतं. ठोक्याला मात्र जेवण गेलं नाही. थोरल्याने मारलं आणि आपण पुसलं, हे त्याच्या लक्षात आलं. लाज वाटली त्याला, चांगली अंगभर वाटली. पण लाज वाटून कोणाचं काही होत नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कामाला गेला आणि पगार पुन्हा थोरल्याच्या पाकिटात.

दुसरा पोचा त्याच्या डोळ्यांसमोर पडला.

झालं असं, की वहिनीने चादरींच्या दुकानात जादा काम करून चार पैसे बाजूला ठेवले होते, एका कामकरी मैत्रिणीकडे. थोरल्याला ते कुठून तरी कळलं. त्याने वहिनीला गाडीत घातलं आणि भरदुपारी गॅरेजच्या आवारात आणलं, का तर तिथून ती पळू शकणार नाही आणि ठोक्यालाही बघता येईल. थोरल्याला प्रेक्षक लागायचे. तो उतरला, दुसऱ्या बाजूने तिला केसांनी धरून उतरवलं, आणि तिचं तोंड बॉनेटवर आपटलं.

आवाज पत्र्याचा आला, माणसाचा नाही. त्याने पुन्हा आपटलं. या वेळी तिचे हात सुटले आणि ती बॉनेटवरून घसरत खाली आली. राखाडी रंगावर तांबडी रेघ उमटली. ती उठायला बघत होती तेव्हा त्याने बरगडीत लाथ घातली. ती कुशीवर वळली आणि तिने तोंडातून काहीतरी बाहेर टाकलं. दात होता. तिने तो शोधून मुठीत घेतला, जणू हरवला तर पुन्हा बोलणी बसतील.

मालक ऑफिसच्या दारात उभा होता. "घरचं घरी करा," एवढं म्हणून तो आत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं. दार लोटून घेणारी माणसं सगळीकडे मिळतात, त्याला देश लागत नाही. ठोक्या हातात हातोडी घेऊन उभा होता. पाय हलेनात. मोठा गडी, दंडात ताकद, रोज लोखंडाशी झुंजणारा, आणि थोरल्यासमोर तो सहा वर्षांचा झाला होता.

"बघत काय बसलास," थोरला म्हणाला. त्याने किल्ली ठोक्याच्या छातीवर फेकली. "उद्या संध्याकाळी न्यायला येतो. सरळ करून ठेव. आणि रक्त आधी धू, डाग बसतो." मग वहिनीला दंडाला धरून त्याने चालत घरी नेलं. ती वाकून चालत होती. फाटकापाशी तिने एकदाच मागे बघितलं, आणि ठोक्याकडे नाही, गाडीकडे.

ठोक्याने रक्त धुतलं. ठोकळा घेतला, बॉनेट उचललं, ठोकळा आतून लावला. हातोडीही उचलली. मग ती परत खाली ठेवली. हा पोचा काढायचा नाही, असं त्याने ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच काही ठरवलं असेल त्याने, आणि ते काय, तर काम न करायचं. पण तिथूनच सगळं सुरू झालं.

सकाळी तो गॅरेजात न जाता बँकेत गेला. एकटा. काचेच्या खोलीत पहिल्या दिवशीच्याच बाई होत्या. त्याने मोडक्यातोडक्या बोलीत विचारलं, की गाडी कोणाची आहे.

बाईंनी यंत्रात बघितलं. "तुमची."

"पण भाऊ चालवतो."

"कोण चालवतो ते तुम्ही ठरवायचं. कर्ज तुमचं, विमा तुमचा, नाव तुमचं. हप्ते वेळेवर आले म्हणजे आमचं काही म्हणणं नाही."

"मी दुसऱ्या कोणाला चालवायला दिली तर?"

"परवाना असलेल्या कोणालाही द्या. विम्यात नाव घालायचं असेल तर आत्ता घालते." बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "तुमचं कार्ड दाखवता?"

"भावाकडे आहे."

"मग ते बंद करावं लागेल. हरवलं असं लिहू?"

हरवलं म्हटलं असतं तर सोपं होतं; घरची अब्रूही राहिली असती. "नाही," तो म्हणाला. "हरवलं नाही. त्याने घेतलं."

बाईंनी तसंच लिहिलं. नवीन कार्ड ठोक्याच्या हातात आलं, विम्यात वहिनीचं नाव आलं. पुढे काय होणार ते त्याला अगदी स्पष्ट दिसत होतं.

गॅरेजच्या आवारातून गाडी काढून तो चादरींच्या दुकानाच्या मागच्या दारी गेला. वहिनी सुजलेल्या तोंडाने घड्या करत होती. थोरल्याने तिला कामावर पाठवलंच होतं. पगार बुडवायला तो वेडा नव्हता. ठोक्याने किल्ली तिच्यापुढे धरली.

"गाडी माझी आहे, वहिनी. विचारून आलोय. तुम्ही न्या."

ती किल्लीकडे बघत राहिली. "ते मारून टाकतील तुम्हाला."

"मारतील. टाकणार नाहीत," ठोक्या म्हणाला. "मला सवय आहे."

"मी माझ्या मैत्रिणीच्या..."

"सांगू नका," त्याने तिला अडवलं. "कुठे जाताय ते मला अजिबात सांगू नका. मार बसला की मी बोलतो. लहानपणापासून."

वहिनीच्या सुजलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. रडली म्हणता येणार नाही, पाणीच आलं. तिने हातातली चादर आधी पूर्ण घडी केली, ढिगावर ठेवली, मग अंगावरचं कामाचं कापड सोडलं आणि गेली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा ठोक्याने खिसे चाचपले. गॅरेजपर्यंत चालत जावं लागणार होतं.

थोरला संध्याकाळी आला तो एकटा नाही, पोलीस घेऊन आला. बायको गाडी चोरून पळाली म्हणून त्याने तक्रार केली होती. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. पण त्यात लबाडी नव्हती, हे ऐकण्यासारखं आहे. गाडी आपली नाही हे थोरला खरोखरच विसरला होता. धाकट्याचं ते थोरल्याचं, हे त्याच्या हाडात इतकं मुरलेलं, की कागदावर आपणच काय लिहून घेतलं ते त्याला आठवलं नाही. पोलिसाने गाडीचा नंबर आपल्या यंत्रात बघितला, नाव वाचलं आणि विचारलं, हे कोण?

"मी," ठोक्या म्हणाला.

"तुमची गाडी चोरीला गेलीय?"

"नाही. मी वहिनीला दिली."

पोलिसाने थोरल्याकडे बघितलं, वही मिटली, आणि खोट्या तक्रारीला काय शिक्षा असते ते शांतपणे सांगून तो निघून गेला. आपण गेल्यावर इथे काय होणार हे त्याला कळायला हवं होतं. कळलं असेलही. मालकाला एकदम बाहेर काम निघालं.

थोरल्याने शटर ओढलं. तो ओरडला नाही. त्याने ठोक्याच्या मानेला धरून त्याला कामाच्या लोखंडी टेबलापाशी नेलं, उजवा हात टेबलावर पसरला, वर गुडघा ठेवला आणि ठोक्याचीच हातोडी उचलली.

"कुठेय ती?"

"माहीत नाही, दादा."

हातोडी करंगळीवर आली. ठोक्याच्या तोंडून निघालेला आवाज त्याला स्वतःला ओळखता आला नाही. "कुठेय?" पुढचं बोट. ठोक्या बोलत होता, भडाभडा बोलत होता, मैत्रीण आहे म्हणाला, चादरींच्या दुकानातली आहे म्हणाला, जे जे माहीत ते सगळं सांगितलं. त्याने स्वतःबद्दल खरंच सांगितलं होतं. मार बसला की तो बोलायचा. पण ती कुठल्या गावी गेली तेच माहीत नव्हतं, तर तोंडातून येणार कुठून? थोरल्याला ते पटेना. मधलं बोट. हाताची पाचही बोटं सारखी नसतात म्हणतात. त्या दिवशी थोरल्याने ती सारखी करायला घेतली होती. रक्त टेबलाच्या कडेवरून ठोक्याच्या पँटवर ठिबकत होतं. थोरला घामाने निथळत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काम करणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. बापाचाही असाच असायचा.

ठोक्याचा डावा हात टेबलावर धडपडत होता. त्याला ठोकळा लागला. कुठे मारायचं याचा त्याने विचार केला नाही, मारायचं की नाही याचाही नाही. ठोकळा मुठीत घेऊन त्याने जो हात फिरवला, तो थोरल्याच्या जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आला. थोरला मागे टायरांच्या ढिगावर कोसळला, आणि जबडा दोन्ही हातांनी धरून, डोळे विस्फारून धाकट्याकडे बघत राहिला. त्या घराण्यात मार पहिल्यांदाच खालून वर गेला होता.

तो उठायला लागला तेव्हा ठोक्याने दुसरा घाव खांद्यावर घातला. तिसरा घालायला हात वर गेला होता. थोरल्याने तोंडापुढे कोपर धरलं, अगदी ठोक्या लहानपणी धरायचा तसं. ठोक्याचा हात तिथेच थांबला. दया आली म्हणावं तर तसंही नाही. त्याला शिसारी आली, स्वतःची आणि त्या कोपराची. मग त्याने डाव्या हाताने कसंबसं शटर वर केलं आणि रस्त्यात जाऊन बसला, जाणारे-येणारे थांबून पोलिसांना बोलावेपर्यंत.

थोरल्याला तिथल्या कोर्टाने आत टाकलं आणि नंतर देशाबाहेर काढलं. जबडा तारेने बांधलेला, त्यामुळे कोर्टात त्याला फार बोलता आलं नाही, आयुष्यात पहिल्यांदा. आईने फोनवर ठोक्याला एवढंच सांगितलं, की तुझं तोंड मला दाखवू नकोस, आपलेच दात आपलेच ओठ असताना तू पोलिसांपर्यंत गेलास. ठोक्याने ऐकून घेतलं. त्याला म्हणायचं होतं, की आई, दात वहिनीचा पडला. पण तो ते म्हणाला नाही. आईचे पैसे पाठवणं त्याने थांबवलं नाही, आणि तिनेही ते परत केले नाहीत.

उजवा हात कामातून गेला. बोटं जुळली, पण मिटेनात. मालकाने त्याला काढलं नाही, मनाला काहीतरी लागलं असावं. पत्र्याचं काम काढून रंगाआधीच्या घासकामाला लावलं, निम्म्या पगारावर. आणि त्या निम्म्या पगारातून ठोक्या गाडीचा हप्ता भरत राहिला. ज्या गाडीत तो मागच्या सीटवर बसला होता, ती आता कुठल्या रस्त्याला आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं. रोज बसने कामाला जायचा. हप्ता एकदाही चुकला नाही. चुकला असता तर बँकेची माणसं गाडी शोधून, उचलून घेऊन गेली असती, आणि वहिनी पुन्हा रस्त्यावर आली असती. म्हणून खोली बदलली, एक वेळचं जेवण हलकं केलं, पण हप्ता गेला. त्यामुळे गंमत अशी झाली, की यंत्रात त्याची पत चढतच गेली. बँक त्याला फोन करकरून विचारायची, आपल्यासारख्या ग्राहकाला नवी गाडी नको का? ठोक्या म्हणायचा, "आहे मला एक."

शेवटचा हप्ता गेला तेव्हा त्याने बँकेतल्या बाईंना विचारलं, गाडी दुसऱ्याच्या नावावर कशी करतात. विम्याच्या कागदांवर वहिनीने मागाहून कळवलेला नवा फोन होता, त्यावर बँकेनेच निरोप दिला. ठोक्याने स्वतः कधी तो आकडा मागितला नव्हता.

ती आली एका सुट्टीच्या सकाळी. काम बंद, आवार मोकळं. राखाडी गाडी फाटकातून आत आली आणि ठोक्याला आधी बॉनेटच दिसलं. पोचा तसाच होता. तिने तो काढून घेतला नव्हता. इतकी वर्षं गाडी चालवताना काचेपलीकडे तो तिच्या समोर होता. वहिनी उतरली. पुढचा एक दात नवा होता, जरासा जास्त पांढरा. अंगाने भरली होती. दोघंही काही वेळ गाडीकडेच बघत राहिली.

ठोक्याने गाडीचा कागद बॉनेटवर पसरला. या वेळी त्याने पहिल्या ओळीपासून वाचला, बोट ठेवून, हळूहळू. वहिनी थांबली. मग त्याने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

तिने सही केली नाही. "आधी हे सरळ करा, भाऊजी," ती म्हणाली, आणि पोच्यावर तळवा ठेवला.

ठोक्याने उजवा हात पुढे करून दाखवला. "ठोकळा धरता येत नाही, वहिनी. एका हाताचं काम नाही हे."

तिने त्या बोटांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिने बॉनेट उघडलं, टेबलावरचा ठोकळा आणला आणि खाली वाकून पोच्याच्या मागे दोन्ही हातांनी दाबून धरला. ठोक्याने डाव्या हातात हातोडी घेतली. पहिला घाव घातला तशी तिची मान एकदम खांद्यात गेली, डोळे मिटले, सगळं अंग आखडलं. ठोकळा निसटून खाली पडला.

ठोक्याने हातोडी बाजूला ठेवली. "राहू द्या, वहिनी. असू दे तसाच."

वहिनीने वाकून ठोकळा उचलला, ओढणीला पुसला आणि पुन्हा जागेवर लावला. या वेळी पकड घट्ट होती.

"मारा," ती म्हणाली. "मी धरलंय."

आणि ठोक्याने डाव्या हाताने, जमेल तसं, ठोकायला घेतलं.